एकशे एकविसावं नाव

“यात तुमचं नाव कुठंय?” नव्या साहेबांनी विचारलं.

साहेब स्क्रीनवर होते, खांद्यापर्यंत. खांद्याखालचे साहेब कसे आहेत हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण रुजू होऊन सहा महिने झाले तरी त्यांनी इमारतीत पाऊल टाकलं नव्हतं. त्यांच्या मागे पुस्तकांचं भलंमोठं कपाट दिसायचं. पण एकदा साहेब जोरात शिंकले आणि त्या कपाटाच्या जागी क्षणभर दोरीवर वाळत घातलेली पँट दिसली. तेव्हापासून समोर बसलेल्या, ऑफिसची लायसनं सांभाळणाऱ्या लायसनकाकांचा त्या कपाटावरचा विश्वास उडाला होता.

“कशात, साहेब?”

“या यादीत. तुम्हीच पाठवलीय. एकशे वीस नावं आहेत. ड्राफ्ट्समन आहेत, इंजिनियर आहेत, निविदावाले आहेत. तुम्ही नाही.”

“मी नसतोच त्यात. मला लायसन लागत नाही.”

“लागत नाही म्हणजे?”

“जो कामासाठी आत येतो त्याला लायसन लागतं. जो यंत्राची देखभाल करायला येतो त्याला यंत्र तसंच आत घेतं. वॉचमनला कोण पास विचारतो?”

साहेब चष्मा काढून डोळे चोळत म्हणाले, “काका, आता नीट ऐका. एक तारखेपासून आपले सर्व्हर बंद. सगळं काम त्या बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर जाणार. त्यांना मी ही यादी देणार. यादीत जो आहे तो आपला माणूस. त्याला रुजू व्हायचं पत्र जाणार. जो यादीत नाही, त्याला मी कुठून आणू?”

“आस्थापनेच्या फायलीत असेल की माझं नाव.”

“त्या फायली बघितल्या मी. तीन आहेत आणि तिन्हींत माणसं वेगळी आहेत. एकीत तर माझ्या आधीच्या साहेबांच्या आधीचे साहेब अजून कामावर आहेत. म्हणून तर तुमची यादी खरी धरायची ठरलंय. तुम्ही त्या तिन्हींतही नाही. सापडलात ते भलतीकडेच.”

“कुठं सापडलो?”

“देखभालीत. एसी, बॅटऱ्या, उंदीर-झुरळांचं औषध आणि तुम्ही. एकाच ओळीत.”

काका हसले. साहेबही हसले, पण त्यांचं हसू लवकर आटोपलं.

त्या ओळीत खोटं काही नव्हतं. अठरा वर्षांपूर्वी एक ठेकेदार सर्व्हर बसवायला आला, त्याच्याबरोबर काका आले. ठेकेदार काम उरकून गेला, पुढे त्याचं दुकानही बसलं, काका मात्र राहिले. राहा असं त्यांना कुणी म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. काही माणसं इमारतीत फर्निचरसारखी येतात. ती हलवायची कुणाच्या मनात येत नाही, इतकंच.

“असं करा,” साहेब म्हणाले, “एक लायसन स्वतःच्या नावावर घ्या. सगळं तुमच्याच हातात आहे. तीस तारखेला दुपारी शेवटची यादी द्या मला, तुमच्या नावासकट. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत ना तुमची? निघतील आरामात.”

“एकशे वीसच आहेत साहेब. सगळी लागलेली.”

“मग एखादं मोकळं करा. एवढ्या लोकांत एक तरी असेल ज्याचं काही काम नाही.”

“आणि एकशे एकवीस केली तर?”

“ते अजिबात नको. एकशे वीसच्या करारावर माझी सही आहे.” साहेबांनी चष्मा परत चढवला. “दहा दिवस आहेत. बघा.”

स्क्रीन काळी झाली.

हे लायसन प्रकरण तसं सोपं होतं, पण काकांनी ते आजवर कुणाला समजावलं आणि त्याला समजलं, असं एकदाही झालं नव्हतं. कंपनी जमिनीखालच्या पाइपांचे नकाशे काढायची. पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठून जातं, वगैरे. नकाशे काढायचे प्रोग्राम इतके अवजड की घरच्या संगणकाला ते पेलत नसत. म्हणून ते राहायचे ऑफिसातल्या मोठ्या यंत्रात, म्हणजे सर्व्हरमध्ये, आणि माणसं आपापल्या घरून त्या यंत्राची एक खिडकी उघडून आत बसायची. खिडकी उघडायला परवानगी लागे. तीच लायसन. ती संगणकाची नसे, माणसाची असे. माणूस स्वतःच्या संगणकावरून येवो की मेव्हण्याच्या, लायसन त्याच्या नावाला चिकटलेलं. एकदा चिकटलं की नुसतं ओढून निघत नसे. माणूस साठ दिवस फिरकलाच नाही, तर आपोआप गळून पडे. नाहीतर त्याचं खातंच पुसावं लागे.

आणि यातली खरी गंमत अशी, की एकशे वीसच्या पुढे एकशे एकविसावा आला तरी यंत्र त्याला अडवत नसे. दीडशे आले तरी ते सगळ्यांना आत घेई, चकार शब्द काढत नसे. फक्त महिन्याच्या अहवालात खालचा आकडा लाल व्हायचा. तो अहवाल काकांशिवाय कुणी उघडत नसे. म्हणजे सगळा कारभार एका माणसाच्या मनाच्या लाजेवर सोडलेला होता. अठरा वर्षांत काकांचा आकडा एकदाही लाल झाला नव्हता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण विचारणारं कुणी नव्हतं.

पाच वर्षांपूर्वी ऑफिस घरी गेलं. म्हणजे माणसं घरी गेली, मग टेबलं गेली, मग मजले गेले. वरचे तीन मजले कंपनीने सोडून दिले आणि राहिली ती तळमजल्यावरची सर्व्हरची खोली, आणि तिच्याबाहेर छतापर्यंत रचलेल्या शंभरावर फिरत्या खुर्च्या. रोज सकाळी काका त्या खुर्च्यांमधून वाट काढत आत जायचे. खोलीत थंडी अशी की एकदा एक डास चुकून आत शिरला, भिंतीवर बसला आणि तिथेच राहिला. काकांनी त्याला चार दिवसांनी फडक्याने पुसलं तेव्हा तो कडक झाला होता. यंत्रांच्या पंख्यांची घरघर दिवसभर चालू. काका स्वतःशी बोलले तरी त्यांना ते ऐकू येत नसे. त्यामुळे ती सवय लागली नाही, हा एक फायदा.

पण माणसांची सोबत नव्हती म्हणावं तर तेही खरं नाही. काकांच्या स्क्रीनवर सकाळी दहाला, त्यांचं स्वतःचं सोडून, सगळ्यांची नावं उगवायला लागायची. नावापुढे आकडा असे: किती मिनिटं हालचाल नाही. त्या आकड्यांवरून काका माणसं ओळखायचे. एक ड्राफ्ट्समन दर चाळीस मिनिटांनी सात मिनिटं गायब व्हायचा, म्हणजे गच्चीवर जाऊन सिगरेट ओढायचा. एका इंजिनियरीण बाईंचे आकडे एके दिवशी तासातासाने तुटायला लागले, तेव्हा बाळ झालंय हे काकांना पेढ्यांआधी कळलं. पेढे अर्थात आले नाहीत, सगळे घरीच होते.

निविदा लिहिणारा एक गडी मात्र कमालीचा उद्योगी. दहा ते सहा त्याचा माउस एक मिनिट थांबत नसे. काकांनी सहा दिवस पाळत ठेवली. माउस दर अकरा सेकंदांनी डावीकडून उजवीकडे जायचा आणि परत. पठ्ठ्याने तो टेबलफॅनला बांधला होता. काकांकडे एक सोय होती: कुणाच्याही स्क्रीनवर छोट्या चौकटीत चार शब्दांचा निरोप पाठवता यायचा. एरवी ते सगळ्यांना ‘सर्व्हर दहा मिनिटं बंद राहील, काम सेव्ह करा’ एवढंच पाठवत. निविदावाल्याला त्यांनी पाठवलं, ‘फॅन एकवर ठेवा, फार पळतोय.’ दुसऱ्या दिवसापासून माउस माणसाच्या चालीने फिरायला लागला.

साहेब म्हणाले, काही काम नसलेला एक तरी असेल, तेव्हा काकांच्या डोळ्यांपुढे आधी हा फॅनवाला आला. पण तो काही झालं तरी नोकरीत होता. एकशे वीस नावांत नोकरीत नसलेलं नाव एकच होतं.

टायपिस्टबाई तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. निवृत्तीचा कागद आस्थापनेच्या टेबलावर आला तेव्हा टेबल होतं, पण आस्थापना घरी होती. त्यामुळे बाईंचं खातं पुसा म्हणून काकांना कुणी कळवलंच नाही. दोन महिन्यांनी यादी वाचताना त्यांच्या ते लक्षात आलं. बघतात तर बाई आत बसलेल्या. रोज दहाला येतात, साडेपाचला जातात, मध्ये एक ते दोन जेवणाची सुट्टी घेतात.

काकांनी त्यांच्या स्क्रीनवर निरोप टाकला, ‘आपण निवृत्त झाला आहात.’

त्या चौकटीला उलट उत्तर देता येत नाही. तिच्यावर फक्त ‘ठीक’ असं बटण असतं. पण बाई कसल्या हुशार. दहा मिनिटांनी त्यांच्या स्क्रीनवर एक नवी कोरी फाइल उगवली. काकांना सगळ्यांच्या फायली दिसत. आत काही नव्हतं. फाइलचं नाव होतं, ‘माहीत आहे’.

काकांनी विचारलं, ‘मग?’

दुसरी फाइल आली, ‘बसू द्या’.

आणि काकांनी बसू दिलं. तेव्हा लायसनसाठी रांगेत कुणी उभं नव्हतं. पुढे रिवाजच पडला. दहाला काका पाठवायचे, ‘नमस्कार बाई’. तिकडून फाइल यायची, ‘नमस्कार’. मग दिवसभरात एखाद-दुसरी: ‘आज पाय दुखतोय’, ‘चष्मा बदलला’, ‘तुमच्याकडे थंडीच का अजून’. साडेपाचला बाई आपल्या फायली पुसून, टेबल आवरल्यासारखं आवरून जायच्या. ऑफिस भरलेलं होतं त्या तेरा वर्षांत ही दोन माणसं एकमेकांशी चार वेळा बोलली होती, त्यातली तीन वेळा प्रिंटरमध्ये कागद अडकला म्हणून. आता तीन वर्षं रोज बोलत होती. बाई रोज का येतात हे काकांनी कधी विचारलं नाही. उत्तर आलं असतं आणि संपलं असतं, असं त्यांना वाटायचं.

आता मात्र विचारायला हवं होतं. निदान सांगायला तरी. एखाद्याचं खातं पुसायचं ते चौकटीतल्या चार शब्दांवर नको, तोंडाने सांगू, असं ठरवून दुसऱ्या दिवशी अकराला काकांनी जुन्या वहीतून नंबर काढला आणि बाईंच्या घरी फोन लावला.

“हॅलो, कोण?” तरुण बाईचा आवाज. मागे कुकर आणि कुणाचं तरी रडणं.

“बाई आहेत का? टायपिंगच्या?”

“आई? त्या ऑफिसात आहेत.”

काका गोंधळले. त्यांनी मान वळवून दाराकडेसुद्धा पाहिलं.

“ऑफिसात म्हणजे?”

“म्हणजे त्यांच्या खोलीत. दहा ते साडेपाच दार बंद असतं. मी त्यांची सून बोलतेय. आम्हालाही आत जायची परवानगी नाही, एक वाजता ताट नेते तेवढंच. तुम्ही कोण?”

“मी ऑफिसातूनच बोलतोय.”

“मग तुम्हाला माहीत पाहिजे की. त्यांना एवढं काम का देता हो? वय किती झालंय त्यांचं? परवा ह्यांनी विचारलं, आई, रिटायर कधी होणार, तर म्हणाल्या, साहेब सोडत नाहीत.”

“नाही, तसं… त्यांच्यावाचून अडतं जरा,” काका म्हणाले. तोंडातून निघून गेलं ते.

“अडतं ना, मग निदान दुपारचं थोडं पडू द्या त्यांना. काय निरोप देऊ?”

“काही नको. तिथंच सांगतो मी, आत.”

फोन ठेवून काका स्क्रीनकडे वळले, तर फाइल आलेलीच होती. ‘घरी फोन केलात?’

काकांनी लिहिलं, ‘हो.’

‘सुनेला काय सांगितलंत?’

‘तुमच्यावाचून अडतं म्हणून.’

बाईंच्या नावापुढचा आकडा शून्यावर होता, म्हणजे त्या टाइप करत होत्या. पाऊण तासाने फाइल आली. या वेळी ती कोरी नव्हती. दोन्ही बाजूंनी नीट समास सोडलेलं, पस्तीस वर्षांच्या हाताचं पत्र होतं.

‘विषय : दाराबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, मी निवृत्त झाल्याचे घरी सांगितलेले नाही. सुरुवातीस सांगायचे राहून गेले. नंतर सांगण्याचा धीर राहिला नाही. दरमहा बँकेत काही ना काही जमा होत असल्याने कोणी विचारले नाही.

घरात चार खोल्या व सहा माणसे आहेत. ज्याला काम आहे, त्याच्या खोलीचे दार बंद राहते. ज्याला काम नाही, त्याच्या खोलीत इस्त्रीचे टेबल, सायकल, आलेले पाहुणे व दोन्ही नातवंडे ठेवण्यात येतात. शेजारच्या आजींच्या बाबतीत असे घडलेले आहे. त्या आता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर असतात.

नातवंडे मला प्रिय आहेत. साडेपाचनंतर.

मी आत काहीही गैर करीत नाही. जुनी पत्रे आठवून टाइप करते, जेणेकरून बाहेर आवाज जावा. तरी माझे नाव काढण्यापूर्वी वरील बाबींचा विचार व्हावा, ही विनंती.

आपली विश्वासू.

प्रत : कोणासही नाही.’

म्हणजे फोन कशासाठी होता हे बाईंनी ओळखलं होतं. पस्तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं टाइप केलेल्या माणसाला, न लिहिलेलंही वाचता येतं.

काकांनी पत्र दोनदा वाचलं. मग चौकट उघडली आणि ऑफिसच्या भाषेला ऑफिसचीच भाषा म्हणून लिहिलं, ‘विचार होईल.’ स्वतःच्या नावाचं त्यांनी काहीच लिहिलं नाही. लिहिलं असतं तर बाईंनी त्याच दुपारी आपली फाइल पुसून दार उघडलं असतं, हे त्यांना माहीत होतं.

रविवारी चारला ताईचा फोन आला. ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. दूर राहायची आणि दर रविवारी चारच्या ठोक्याला फोन करायची. काका एका खोलीत आणि एका स्वयंपाकघरात राहायचे. चारला पाच मिनिटं कमी असताना ते फोनजवळ जाऊन बसायचे आणि तिसऱ्या घंटेला उचलायचे, म्हणजे कामात होते असं वाटावं.

“काय रे, जेवलास?”

“केव्हाच.”

“ऑफिसात काय म्हणतायत मंडळी? त्या इंजिनियरबाईचं बाळ आता चालायला लागलं असेल ना?”

“धावतंय. परवा घेऊन आली होती. सगळ्या टेबलांखालून फिरून आलं.”

यातलं काहीच घडलेलं नव्हतं. ऑफिस घरी गेलं हे काकांनी ताईला सांगितलंच नव्हतं. सुरुवातीला ती काळजी करेल म्हणून, आणि पुढे आठवड्याच्या आठवड्याला इतक्या गोष्टी रचून झाल्या की मागे फिरायला वाट राहिली नाही. त्यांच्या ऑफिसात अजून चहा यायचा, वाढदिवस व्हायचे, ड्राफ्ट्समन आणि निविदावाला यांचं खिडकी उघडी ठेवण्यावरून वाजायचं. एकदा तर काकांनी लिफ्टमध्ये सात माणसं आणि एक नकाशांचं कपाट अडीच तास अडकवून ठेवलं होतं. ताईने ती गोष्ट पुढे चार घरी सांगितली.

“ताई,” काका म्हणाले, “आमच्याकडे एक पेच आहे. ऑफिसची नवी यादी होतेय. एकच जागा आहे आणि माणसं दोन.”

“त्यातला एक तू आहेस का?”

“नाही, नाही. असंच. एक जण अजून चार वर्षं नोकरीतला. एक बाई आहेत, त्यांचं काम संपलंय खरं तर, पण त्यांना हवीय जागा.”

“मग नोकरीतल्याची जागा. यात पेच कसला?”

“तेच म्हणतो मी.”

“तू नको पडूस त्यात. लहानपणी लपाछपीत सारखं राज्य तुझ्यावर. तू आपला भिंतीकडे तोंड करून शंभर मोजतोयस, आणि आम्ही सगळे जेवून हात पुसतोय. एकदा तर आई बोलवायला आली तर तू तिला आउट केलंस.” ताई खूप हसली. मग म्हणाली, “तुझ्याभोवती एवढी माणसं आहेत, म्हणून मला तुझी काळजी नसते बघ.”

“हो ना,” काका म्हणाले.

तीस तारीख शुक्रवारी होती. दुपारी दोनला काकांनी बाईंच्या नावावर माउस नेला. यंत्राने विचारलं, हे खातं पुसलं तर परत आणता येणार नाही, नक्की पुसायचं? आतापर्यंत असली कितीतरी नावं त्यांनी पुसली होती. नोकरी सोडून गेलेले, बढती मिळून गेलेले, एक-दोन कायमचे गेलेले. या प्रश्नाला त्यांचा हात आपोआप ‘हो’कडे जायचा.

आज तो तिथेच थांबला. बाईंच्या नावापुढे शून्य होतं. बाई टाइप करत होत्या, चांगलं जोरजोरात, बाहेर आवाज जावा म्हणून.

काकांनी ‘नाही’ दाबलं. मग एकशे वीस नावांची यादी छापून पुन्हा एकदा बोटाने मोजली, खालचा आकडा काळा आहे याची खात्री केली आणि पाठवून दिली.

साहेब दहा मिनिटांत स्क्रीनवर आले. आज मागे कपाट नव्हतं, समुद्र होता.

“काका, तुमचं नाव नाहीये अजून.”

“एकशे वीस पूर्ण आहेत, साहेब.”

“कुणीच मोकळं झालं नाही?”

“सगळी माणसं कामात आहेत.”

साहेबांचा डावा कान समुद्रात विरघळत होता. “तुम्हाला कळतंय ना, मी काय विचारतोय?”

“कळतंय.”

“मग मी वर काय सांगू?”

“देखभाल संपली म्हणून सांगा.”

साहेबांनी यादी पुन्हा वरपासून खाली बघितली. मनाने माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याकडे यादी होती, आणि यादी बरोबर होती. “बघतो मी काही करता येतं का,” ते म्हणाले, आणि दोघांनीही ते वाक्य ऐकून सोडून दिलं.

चारला एकशे वीस जणांना पत्रं गेली. साडेपाचला काकांनी सगळ्यांच्या स्क्रीनवर निरोप टाकला, ‘सर्व्हर सहा वाजता कायमचा बंद होईल. काम सेव्ह करा.’ ‘कायमचा’ हा शब्द आधी घातला, मग काढला, मग पुन्हा घातला.

नावं जायला लागली. ड्राफ्ट्समन गेला, बहुतेक गच्चीवर. इंजिनियरीण बाई गेल्या. निविदावाल्याचा माउस आज प्रथमच वेडावाकडा फिरला, म्हणजे त्याने हातात धरला असावा, आणि तोही गेला. सहाला सहा मिनिटं कमी असताना यादीत एकच नाव राहिलं. साडेपाचनंतर बाई बसलेल्या काकांनी कधी पाहिल्या नव्हत्या.

फाइल आली. ‘पत्र आलंय. सोमवारपासून नव्या ठिकाणी रुजू व्हा म्हणतात.’

काकांनी लिहिलं, ‘छान.’

‘मला काढायचं विसरले वाटतं.’

‘विसरू द्या.’

थोड्या वेळाने आणखी एक आली. ‘तुम्हालाही आलं असेल ना पत्र?’

काका चौकट उघडून बसले. ताईला लिफ्टमध्ये सात माणसं आणि एक कपाट अडकवून दाखवणाऱ्या माणसाला इथे एवढासा शब्द सुचायला तीन मिनिटं लागली.

‘आलं.’

‘मग सोमवारी दहाला.’

‘दहाला.’

बाईंनी आपल्या फायली एकेक करून पुसल्या. शेवटची पुसून झाली, स्क्रीन स्वच्छ झाली, आणि त्यांचं नाव यादीतून गेलं.

काका उठले. उद्या यंत्रं न्यायला माणसं येणार होती, म्हणून बंद करून मागच्या वायरीही काढायच्या होत्या. ते यंत्राच्या कपाटासमोर उभे राहिले. तिथे वहीएवढी एक स्क्रीन होती. तिच्यावर त्यांनी ‘बंद करा’ दाबलं.

यंत्राने लगेच ऐकलं नाही. त्याने विचारलं : अजून एक जण आत आहे. आता बंद केल्यास त्याचं राहिलेलं काम जाईल. तरीही बंद करायचं?

बाई परत आल्या की काय, असं काकांना वाटलं. त्यांनी आत कोण आहे ते उघडून बघितलं. एकच ओळ होती आणि तिच्यात त्यांचं स्वतःचं नाव होतं, आडनावासकट. टेबलावरच्या संगणकावरून ते सकाळी आत शिरले होते आणि उठताना बाहेर पडायचं राहिलं होतं. आजवर यंत्र चालू-बंद करायचं ते टेबलाशी बसूनच, त्यामुळे असं विचारायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

काका टेबलाशी परत गेले. आपलं काही राहिलंय का, ते नीट बघितलं. राहिलेलं काही नव्हतं. मग कपाटाशी येऊन त्यांनी ‘हो’ दाबलं, आणि शेवटचा पंखा फिरायचा थांबेपर्यंत तिथेच उभे राहिले.